वामनरावांचं पेन

उरणला जायला आता पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास मला सोसत नाही. नातू गाडी चालवतो, काचा बंद, आत थंडगार, बाहेर दोन्ही अंगांना कंटेनरच्या चळती. मी काच खाली करायला सांगितली की तो म्हणतो, "आज्जी, डस्ट येते." धूळही चालेल, असं मला म्हणायचं असतं. पण काच उघडूनही जे यायला हवं ते येणार नाही, हे मला ठाऊक आहे. ओल्या मिठाचा वास, भरती उतरल्यावरच्या चिखलाचा वास, एसटीच्या टपावर बांधलेल्या सुक्या मासळीच्या टोपल्यांचा वास. तेव्हा या वासांनी मला मळमळायचं. मी नाकाला पदर लावून बसायची आणि शेजारी माझा बाप मांडीवर लाकडी पेटी धरून डुलक्या काढायचा.

गेल्या महिन्यात एका साखरपुड्याला गेलो होतो. परतताना नातवाला म्हटलं, जरा आत वळव, मिठागराकडे. तो म्हणाला, इथे कुठलं आलंय मिठागर. तरी वळवली बिचाऱ्यानं. तारेचं कुंपण, पलीकडे ट्रक उभे, एक वॉचमन खुर्ची टाकून मोबाइल बघत बसलेला. वामनरावांचं घर याच बाजूला कुठे तरी होतं. दारात शेवग्याचं झाड होतं आणि शेंगा कुणी काढायच्या यावरून शेजाऱ्यांशी कायमचं भांडण. मी कुंपणाशी उभी राहिले आणि मला आबाचा, माझ्या बापाचा, राग आला. साठ वर्षं उलटून गेली, तरी त्या जागेवर उभं राहिलं की तो तसाच येतो, ताजा.

आमचं गाव करावे. घरं खाडीला चिकटून. आजा, काका, मामा, सगळे जाळी टाकणारे. घरात बसलं तरी जाळ्यांना लावलेल्या रंगाचा तुरट वास अंगाला लागायचा. माझा बाप, ज्याला आम्ही आबा म्हणायचो, तेवढा यातून निसटला. तरुणपणी तो मुंबईत, फोर्टातल्या एका पेनांच्या दुकानात दुरुस्तीला बसायचा. जाळं विणणाऱ्यांच्या घरातला पोरगा, बोटं चपळ, नजर बारीक. पुढे ते दुकान उठलं तेव्हा मालकानं त्याला दुरुस्तीची पेटी देऊन टाकली आणि आबा पेटी घेऊन गावाला आला.

त्या पेटीत घड्याळजीचं भिंग होतं, चिमटे होते, चिकटवायला चपडा लाखेचे तुकडे, रबरी नळ्या, निबा ठेवायची पत्र्याची डबी, आणि निब घासायचा काळा मऊ कागद. पेटी उघडली की जळक्या रबरासारखा आणि सुकलेल्या शाईसारखा वास यायचा. मला तो खाडीच्या वासापेक्षा बरा वाटायचा. मुंबई अशीच वासाची असेल असं मी लहानपणी धरून चालले होते.

आबाचा धंदा लोकांना समजावून सांगता यायचा नाही. तो जुनी पेनं विकत घ्यायचा. निवृत्त मास्तर, तलाठी, मिठागरांवरचे कारकून, बोटीवरून परतलेले खलाशी, अशा घरांत पेटाऱ्याच्या तळाशी एखादं विलायती पेन पडलेलं असायचं. निब वाकलेली, शाई आत दगड झालेली. आबा ते आणायचा, उघडायचा, धुवायचा, नवी नळी बसवायचा आणि मुंबईतल्या शौकिनांना विकायचा. जुनी पेनं जमवणारा माणूस तेव्हा वेडाच समजला जायचा, पण मुंबईत असे वेडे होते. बाहेरून नवी पेनं येणं मुश्कील झालं होतं, त्यामुळे जुन्यांची किंमत त्यांना जास्तच कळत होती.

मी सातवी पास झाले आणि घरी बसले. बसले म्हणजे पेटीपाशी बसले. आबाचे डोळे लवकर अधू झाले. चाळिशी लावूनही निबेची चीर त्याला नीट दिसेना. मग भिंग माझ्याकडे आलं. निबेच्या टोकाला एक कठीण कण बसवलेला असतो, सोन्याहून कितीतरी कठीण, तोच कागदावर घासतो. त्या कणाचे दोन्ही अर्धे भाग एका पातळीत आले की पेन पाण्यासारखं चालतं. केसभर इकडेतिकडे झालं की खरवडतं. हे मला डोळ्यांआधी कानांनी कळायचं. खरवडणाऱ्या निबेचा आवाज मला दुसऱ्या खोलीतून ऐकू यायचा. आबा सगळ्यांना सांगायचा, "माज्या पोरीला निब आयकू येते." लोक हसायचे. मी मनातून फुगायची.

पण धंदा करणं आबाला जमायचं नाही, आणि माझी सगळी चिडचिड त्यातली. तो समोरच्याला आधीच सांगून टाकायचा, की बाबा, हे पेन भारी आहे, नीट विचार कर. मग तो माणूस विचार करायचा आणि पेन पुन्हा पेटाऱ्यात जायचं. किंवा पेन घेतल्यावर त्या घरातली म्हातारी म्हणायची, ह्यांच्या हातातलं होतं हो, की आबानं पेन परत द्यायला पिशवीत हात घातलाच. ठाणा-बेलापूर रस्त्यावर अशा किती फेऱ्या मी त्याच्याबरोबर केल्या. लाल मातीचा फुफाटा, खिडक्यांना काचा नाहीत, घणसोलीपाशी चढलेली बाई टोपली माझ्या पायावर ठेवायची. उतरायचं, शेतांच्या बांधावरून कुणाच्या तरी घरी जायचं, चहा प्यायचा, तासभर पेनाचं कौतुक करायचं आणि रिकाम्या हातानं पुढल्या एसटीची वाट बघायची. मी म्हणायची, "आबा, आपन घ्यायला आलतो का गप्पा मारायला?" तो म्हणायचा, "दोनी."

गिरगावात एक वकील होते, आबाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या दिवाणखान्यात टेबलाला हिरव्या कापडाचं अस्तर लावलेले खण होते आणि प्रत्येक पेनाला आपापली खोबण. खण ओढला की मऊ आवाज यायचा. तो आवाज मला फार आवडायचा. वकील मात्र खोड काढल्याशिवाय पेन हातातून ठेवायचे नाहीत. टोपण मूळचं नाही. क्लिप बदललेली दिसते. रंग उतरलाय. मी भिंतीपाशी उभी असायची, माझ्याकडे ते बघायचेही नाहीत.

एकदा मात्र त्यांनी एक पेन कागदावर चालवलं आणि थांबले. पुन्हा चालवलं. डोळे मिटून चालवलं.

"निब कोणी केली ही?" त्यांनी विचारलं.

"हिनं," आबा म्हणाला.

वकिलांनी पहिल्यांदा मान वर करून मला पाहिलं. "किती वर्षांची आहेस?"

"एकोणीस."

"फोर्टात माझ्या ओळखीचं दुकान आहे. त्यांच्याकडे हात राहिलेला नाही, सगळे पेनं बिघडवून ठेवतात. मी शब्द टाकीन. पण मला दाखवायला तुझं एक मोठं काम पाहिजे." मग ते आबाकडे वळले. "सेफ्टी पेन आणा मला एखादं, चांदी मढवलेलं. दोन वर्षं सांगतोय तुम्हाला. ते हिनं चालू करून द्यावं. मग बघू."

परतीच्या वाटेवर मी ठाण्याला एसटीत बसले तेव्हा मला रस्त्याचा फुफाटा लागला नाही. काउंटर कसं असेल याचा मी विचार करत होते. काच असेल. काचेमागे मी असेन. लोक पेन पुढे करतील आणि मी नुसतं ऐकून सांगेन, कुठे दुखतंय.

आबाला वामनराव आठवले. उरणच्या मिठागरावर ते आयुष्यभर कारकून होते. तिथल्या बंदरात आलेल्या कुणा इटालियन बोटवाल्यानं त्यांना एक पेन दिलं होतं, ही गोष्ट आबानं फार पूर्वी ऐकली होती. आम्ही गेलो. बेलापूरच्या खाडीतून होडीनं पलीकडे, मग चालत जासई, जासईला पनवेलहून येणाऱ्या एसटीची वाट. ती आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोन्ही बाजूंना मिठाच्या राशी इतक्या पांढऱ्या, की डोळे किलकिले करावे लागत.

वामनराव पडवीत बसले होते. सडपातळ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सुनेनं फडक्यात गुंडाळलेलं पेन आणून दिलं. आबानं फडकं सोडलं आणि मी पुढे सरकले. काळं, उन्हानं जरा तपकिरी झालेलं एबोनाइटचं कडक रबर, आणि त्यावर जाळीसारखी चांदीची वेलबुट्टी. हेच ते सेफ्टी पेन, मागची कळ फिरवली की निब आतून वर येते, फिरवली की पुन्हा आत जाते. आता काहीच हलत नव्हतं.

"घेऊन जा," वामनराव म्हणाले. "मला काही दिसत नाही त्यानं लिहायला. इथे ठेवून वाळवी लागायची."

आबा म्हणाला, "भारी पेन हाय वामनराव. नीट इचार करा."

मी आबाच्या पाठीला चिमटा काढला. वामनराव हसले. "केला विचार." आबानं पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवले.

पावसाळाभर मी ते पेन घेऊन बसले होते. दारात, उंबरठ्याला पाठ टेकून, उजेड असेल तेवढा वेळ. दगड झालेली शाई कोमट पाण्यात सुटायला आठवडा लागला. पाणी आधी काळं निघालं, मग निळं, मग कधीतरी जांभळं. आतलं बूच कुजून गेलं होतं. मी औषधाच्या बाटलीचं बूच कोरून, मेणात उकळून नवं केलं. ते तीनदा फुटलं. चौथं बसलं. खोबरेल लावून अंग पुसलं तसा काळा रंग वर आला. निबेची चीर मात्र दाद देईना. एका अंगानं टोक चढलेलं. एक दिवस घासायचं, दोन दिवस नुसतं बघायचं, कारण जास्त घासलं तर कण जातो आणि मग सगळंच संपतं. आई म्हणायची, पोरीचं पेनाशीच लगीन लावून द्या. स्थळं येत होती तेव्हा.

गणपती गेले आणि एका दुपारी त्यानं खरवडणं सोडलं. मी कागदावर रेघ ओढली आणि काही ऐकूच आलं नाही. मी आईला हाक मारली. तिला काय कळणार. ती आली, रेघ बघितली, म्हणाली, "बारीक हाय." तेवढं मला पुरलं.

वकिलांना पत्र गेलं. त्यांनी दिवस ठरवून दिला. आम्ही ठाण्यावरून जायचं असं ठरलेलं, आणि निघायच्या सकाळी आबा म्हणाला, "उरनवरून जाव. मोऱ्याला मुंबईची लाँच पकडू. वाटंत वामनरावांना दाखवू."

"कशाला?"

"बघू दे त्याला येकदा. चालतंय ते."

"त्याला दिसत नाय आबा."

"हातात घेऊ दे."

मी रडकुंडीला आले. नको म्हटलं, हात जोडले. आई पण बोलली. पण तो मनानं केव्हाच खाडीपलीकडे पोचला होता. मी नवं लुगडं नेसले होते. होडीतून उतरताना काठाला चिखल लागला तो जासईपर्यंत वाळून टणक झाला.

वामनरावांनी पेन हातात घेतलं. कळ फिरवली. निब वर आली. त्यांनी अंगठ्यानं ती नुसती चाचपली आणि सुनेला कागद मागितला. कागद नव्हता, तिनं जुनं वर्तमानपत्र आणलं. त्याच्या कोऱ्या कडेला त्यांनी आपलं नाव लिहिलं. अक्षर सरळ आलं. मग खाली आणखी एक नाव लिहिलं, मग आणखी एक.

"हे कोन?" आबानं विचारलं.

"हजेरी," वामनराव म्हणाले. "आमच्या मिठागरावरची. रोज सकाळी लिहायचो. पाठ आहे."

त्यांनी लिहायला सुरुवात केली. मिठाच्या वाफ्यांवर राबलेली माणसं, बाया, त्यांतली बरीचशी मेलेली. प्रत्येक नावाला ते क्षणभर थांबायचे आणि तोंडानं म्हणायचे. काही नावं आबाला माहीत होती. तो म्हणायचा, "हा तर कोपरचा," आणि वामनराव मान हलवायचे. निब वाजत नव्हती. मी तिच्याकडे कान लावून बसले होते आणि लाँच सुटायची वेळ मोजत होते. कागदाची एक कड भरली, ते दुसरीवर गेले. ओळी एकमेकींवर चढायला लागल्या तरी हात थांबेना.

आबा उठला. "चल," मला म्हणाला.

"पेन?"

"राहू दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वामनरावांनी मानही वर केली नाही. ते लिहीत होते. सून दारात उभी होती. आबानं पेटी उचलली आणि तो पायऱ्या उतरला. दिलेले पैसे मागायचं त्याच्या डोक्यातही आलं नसावं. मी पेनाकडे हात केला होता, तो तसाच मागे घेतला. म्हाताऱ्याच्या हातातून ओढून घ्यायला हवं होतं. ते मी केलं नाही, याचाही राग मला पुढे बराच काळ राहिला.

परतताना जासईच्या अलीकडे एसटी बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून वाफेकडे बघत राहिला. सगळे उतरून रस्त्याच्या कडेला बसले. आबा माझ्याजवळ आला, पाणी पुढे केलं.

"राग आला?"

मी लुगड्याच्या काठावरचा वाळलेला चिखल खरवडत राहिले.

"त्याच्या हातात किती बरं लिहीत होतं," आबा म्हणाला. "तुजी निब."

मी तोंड फिरवलं. पुढे महिनाभर मी त्याच्याशी बोलले नाही. वकिलांना त्यानं काय कळवलं ते मला माहीत नाही. त्यांचं एक कार्ड आलं, इंग्रजीत, दोन ओळींचं. पेन नाही, तेव्हा तूर्त तो विषय राहू द्यावा. त्या तूर्तचा शेवट कधी झाला नाही. माघात माझं लग्न झालं. सासर तळवलीचं, नवरा कारखान्यात. पेटी आबाकडेच राहिली.

तीनेक वर्षांनी सासरच्या कुणाच्या लग्नाला उरणला गेले. मांडवात वामनरावांची सून भेटली. तिनं मला ओळखलं. वामनराव आदल्या वर्षी गेले, म्हणाली. तिच्या कडेवर बाळ होतं, सात-आठ महिन्यांचं, कानांत बारीक बाळ्या.

"छान हायेत," मी म्हटलं.

"त्या पेनाच्याच हायेत," ती कौतुकानं म्हणाली. "निबेचं सोनं निघालं. चांदीचा वाळा केला, येकाच पायाला पुरला. टोकाला कायतरी खड्यावानी होतं, ते काय इतळंना. सोनारानं फेकून दिलं."

बाळानं माझं बोट धरलं होतं. मी ते सोडवून घेतलं आणि पंगतीत जाऊन बसले. पानात काय वाढलं ते आठवत नाही. पावसाळाभर उंबरठ्यात बसून मी ज्याच्यासाठी डोळे फोडले, ते सोनाराच्या दुकानातल्या कचऱ्यात गेलं होतं.

आबाला हे मी सांगितलं नाही. दया म्हणून नव्हे. हे माझ्याजवळ असू दे, वेळ येईल तेव्हा सांगीन, असं ठरवलं होतं. तो तळवलीला यायचा, रस्त्यावर एसटीतून उतरून, धुळीनं पांढरा झालेला. पेटी उघडायचा, भिंग माझ्याकडे द्यायचा. मी निबा घासून द्यायची. त्यातली निम्मी पेनं तो कुणाला ना कुणाला परत करून यायचा.

मग एका उन्हाळ्यात ती वेळ आली. मी आठ दिवस खपून एक जर्मन पेन चालू करून दिलं होतं आणि आबा ते एका विधवा बाईला फुकट देऊन आला होता. दुपार होती. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. माझ्या तोंडून ते निघून गेलं. वामनरावांच्या पेनाचं काय केलं त्यांनी, माहीत आहे? वितळवलं. बाळाच्या कानात घातलं. ज्याच्यासाठी माझं मुंबईचं काम गेलं, ते त्यांनी सोनाराकडे नेऊन वितळवलं.

आबा पाटावर बसला होता. त्यानं तांब्यातलं पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला.

"मना ठाव हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"वामनराव गेल्यावर लगेच. सोनारानं तिला माज्याकडंच धाडली होती. निबेवरचा आकडा पुसला होता ना, त्याला कळंना, सोनं चवदा क्यारटचं का अठराचं."

माझा हात परातीत थांबला. "मग?"

"मग काय. सांगितला."

"तू सांगितलास? तुज्या तोंडानं?"

"अठराचं होतं," आबा म्हणाला. "तो सोनार चवदाचं धरून तिला कमी देत होता."

तव्यावरची भाकरी करपली. मी ती काढून बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. त्यानं करपलेलीच भाकरी ओढून घेतली, कालवणात बुडवून खाल्ली, आणि पाटावरच आडवा झाला. थोड्या वेळानं घोरायला लागला.

मी अजून कुंपणाशीच उभी होते. "आज्जी, चल ना," नातू मागून म्हणाला. "इथं पार्किंग नाहीये. एवढं काय बघतेस?"

वॉचमननं खुर्चीतून मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मी गाडीत येऊन बसले. नातवानं काच वर केली. भांडायला आबा असता तर त्या दिवशी मी त्याला सुचलेलं सगळं सुनावलं असतं. जासई मागे पडेपर्यंत मी ते मनात नीट जुळवलं, आणि मग ऐकणारं कुणी नाही म्हणून गप्प बसले.